थ्रिफ्ट स्टोअर: आधी कापड बघा, मग लेबल, किंमत सगळ्यात शेवटी

ऑगस्टमध्ये अमेरिकेत शिकायला आलेल्या मुलामुलींना ऑक्टोबरच्या मध्यावर पहिला दणका बसतो. पुण्याहून बॅगेत कोंबून आणलेला स्वेटर इथल्या वाऱ्यापुढे टिकत नाही. मॉलमध्ये बऱ्यापैकी लोकरी कोटावरची किंमत वाचली की मनातल्या मनात रुपयांचा गुणाकार सुरू होतो. मग कोणीतरी सीनियर सांगतो, "अरे, गुडविलला जाऊन ये." गुडविल म्हणजे थ्रिफ्ट स्टोअर, लोकांनी दिलेले जुने कपडे आणि सामान स्वस्तात विकणारं दुकान. हा लेख त्या पहिल्या फेरीसाठी आहे. नोकरीनिमित्त नुकत्याच आलेल्या जोडप्यांसाठी आहे, आणि लेकीकडे सहा महिने राहायला आलेल्या आईबाबांसाठीही. खरं तर कापडाची पारख या सगळ्यांत आईलाच जास्त असते. तिला बरोबर न्याच.

आपल्याकडे जुने कपडे घराबाहेर जातात ते भांडीवालीच्या पाटीतून. पैसे मोजून जुने कपडे घरात आणायचे, ही कल्पना पचायला थोडा वेळ लागतो. मोठ्या बहिणीचा फ्रॉक, मामेभावाचा स्वेटर आपण सगळ्यांनी घातलेला असतो, पण तो घरातला. अनोळखी माणसाचा कोट म्हटलं की मन जरा मागे सरतं. यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही. गरम पाणी आणि ड्रायर आहे, त्याबद्दल शेवटी सांगते.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. थ्रिफ्ट स्टोअरमध्ये लोक स्वस्त म्हणून जातात आणि मुळातच स्वस्त असलेले कपडे घेऊन येतात. नवा बारा डॉलरला मिळणारा पातळ पॉलिएस्टरचा टॉप जुना सहा डॉलरला घेतला, यात काय कमावलं? दोन धुण्यांत त्याचा आकार जाणार. फायदा आहे तो लोकर, लिनन, रेशीम, खरं कातडं आणि पिसांची जॅकेटं यांत. दुकानातली माणसं किंमत लावताना बहुतेक वेळा प्रकार बघतात, कापड बघत नाहीत. ‘स्वेटर’ म्हणजे अमुक डॉलर. मग तो ॲक्रिलिकचा असो की कश्मिरी लोकरीचा. त्या दोघांतला फरक ज्याच्या हाताला कळतो, त्याची चांदी.

दुकान कोणतं

सगळीकडे दिसणारं नाव गुडविलचं. १९०२ साली बोस्टनमध्ये एडगर हेल्म्स या मेथडिस्ट पाद्र्याने हे काम सुरू केलं. सुखवस्तू घरांतून जुनं सामान गोळा करायचं, बेकार लोकांना ते दुरुस्त करायचं काम द्यायचं आणि विकायचं. आजही गुडविल म्हणजे एक कंपनी नव्हे. सुमारे दीडशे स्वतंत्र स्थानिक संस्था एका नावाखाली चालतात. म्हणून पिट्सबर्गच्या मैत्रिणीने सांगितलेला सवलतीचा वार तुमच्या गावात लागू असेलच असं नाही. दारावरची पाटी वाचा.

साल्व्हेशन आर्मीच्या दुकानांचं उत्पन्न त्यांच्या व्यसनमुक्ती केंद्रांना जातं. त्यांची बरीचशी दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा आठवड्याच्या सुट्टीचा बेत आखताना हे लक्षात असू द्या. सेव्हर्स आणि व्हॅल्यू व्हिलेज ही एकाच कंपनीची दुकानं आहेत, आणि ती नफ्यासाठी चालते. सेवाभावी संस्थांना मोबदला देऊन त्यांच्याकडचा माल ती घेते. दुकानं मोठी, प्रकाश चांगला, मांडणी आकारानुसार. पहिल्या फेरीला ही सोपी पडतात.

माझी आवडती दुकानं वेगळीच. चर्चच्या तळघरात किंवा हॉस्पिटलच्या मदतीसाठी स्वयंसेवक चालवतात ती. आठवड्यातून दोन-तीन दिवस उघडी, तीही काही तास. गल्ल्यावर सत्तरी ओलांडलेल्या आजी, किमती हाताने लिहिलेल्या. माल थोडा, पण आसपासच्या जुन्या घरांतून आलेला. अशा दुकानांची जाहिरात नसते, नकाशावर शोधावी लागतात.

बफेलो एक्स्चेंज किंवा प्लेटोज क्लोझेट ही थ्रिफ्ट स्टोअरं नव्हेत. तिथे लोक आपले कपडे विकतात आणि दुकान निवडून घेतं. कन्साइनमेंटच्या दुकानात माल विकला गेला की मूळ मालकाला वाटा मिळतो. दोन्हीकडे किंमत जास्त, कचरा कमी. परवा इंटरव्ह्यू आहे आणि ब्लेझर हवा आहे, तर सरळ तिथे जा. घबाड सापडण्याची शक्यता मात्र कमी, कारण तुमच्या आधी एका जाणत्या माणसाने सगळं चाळलेलं असतं.

वस्तीचा परिणाम मोठा असतो. निवृत्त लोकांच्या वस्तीजवळ जुनी, उत्तम शिवलेली लोकर मिळते. कॉलेजच्या गावात मे महिन्यात मुलं खोल्या रिकाम्या करतात, तेव्हा जॅकेटांचा पूर येतो. एडिसन, नेपरव्हिल, फ्रीमाँट अशा भारतीय वस्तीच्या भागांत कधी कधी कुर्ते, लेहंगे, साड्याही दिसतात. ऑक्टोबरमध्ये ते हॅलोविनच्या वेषांच्या रॅकवर लटकलेले दिसले तर दचकू नका.

कधी जायचं

कामाच्या दिवशी, सकाळी. शनिवारी दुपारी ट्रायल रूमबाहेर रांग, पार्किंगला जागा नाही, आणि रॅक उलथापालथ झालेले. माल दिवसभर येत असतो. मागच्या दारातून चाकांचा रॅक ढकलत कर्मचारी बाहेर आला की त्याच्या मागे घुटमळणारी दोन-चार मंडळी दिसतील, ती सराईत.

वर्षाचंही एक चक्र आहे. दान केलेल्या वस्तूंवर आयकरात वजावट घेता येते आणि त्यासाठी ३१ डिसेंबरच्या आत दान द्यावं लागतं, म्हणून वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात देणगीच्या दारापुढे गाड्यांची रांग लागते. तो माल जानेवारीत रॅकवर येतो. वसंतात घरं आवरली जातात, तेव्हा दुसरी लाट. कोट घ्यायचा असेल तर शक्यतो एप्रिल-मेमध्ये घ्या. ऑक्टोबरच्या शेवटी सगळं गाव कोट शोधत असतं. ऑगस्टमध्ये आलेल्यांनी सप्टेंबरातच उरकावं, अंगावर टी-शर्ट असतानाच.

जाताना

मोजायची टेप घ्या, शिंप्याकडे असते ती. अंगात घट्ट बसणारा पातळ टी-शर्ट आणि लेगिंग घाला, कारण कोविडच्या काळात बंद झालेल्या ट्रायल रूम काही दुकानांनी पुन्हा उघडल्याच नाहीत. मग आरशासमोर कपड्यांवरच कपडे चढवून बघावे लागतात. पायात चटकन निघणारे बूट. पर्स छोटी, खांद्याला आडवी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

आणि यादी. ‘काहीतरी चांगलं मिळालं तर बघू’ म्हणून गेलात की तीन तासांनी हातात एक मग, एक फोटोफ्रेम आणि न बसणारी जीन्स असते. यादीत तीनच गोष्टी ठेवा: गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट, काळी फॉर्मल पँट, एक जाड स्वेटर. बाकी दिसलं तर दिसलं.

रॅकवर हात फिरवा

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, म्हणून थोडं सविस्तर.

रॅकसमोर उभं राहून एकेक हँगर सरकवत बसू नका. दोनशे कपडे बघता बघता डोळे थकतात आणि रंगांना भुलतात. त्याऐवजी चालत चालत बाह्यांवरून हाताचा तळवा फिरवा. पॉलिएस्टर हाताला गुळगुळीत आणि जरा निर्जीव लागतं. ॲक्रिलिक मऊ लागतं, पण बोटांत चोळलं की किंचित करकरतं. लोकरीला एक जिवंतपणा असतो, दाबली की ती उलट दाब देते. लिनन गार आणि थोडं खरबरीत. रेशीम तळव्याच्या कोरड्या त्वचेला अडकतं. पहिल्या दिवशी यातलं काही कळणार नाही. म्हणून आधी लेबल वाचून मग हात लावा, असं दहा-पंधरा कपड्यांवर करा. तांदूळ निवडताना खडा जसा न बघताही बोटाला लागतो, तसं काही दिवसांनी चांगलं कापड हाताला आपोआप थांबवतं.

शंका आली तर मुठीत घ्या. बाहीचा भाग मुठीत घट्ट चुरगाळा, मनात पाचपर्यंत मोजा, सोडा. लोकर लगेच उलगडते. लिनन सुरकुत्या जपून ठेवतं. पॉलिएस्टरला काहीच झालेलं नसतं.

मग उजेडाकडे धरा. विणलेला स्वेटर दिव्यासमोर धरला की वीण किती घट्ट आहे ते दिसतं, आणि कसर लागली असेल तर टाचणीएवढी भोकं चमकतात. स्वस्तातली कश्मिरी लोकर बघायची झाली तर दोन्ही हातांनी हलकी ताणून सोडा. परत जागेवर आली तर ठीक. लोंबली तर धागा आखूड तंतूंचा आहे, त्यावर गोळे येत राहणार.

फक्त आपल्या विभागात थांबू नका. बायकांनी पुरुषांच्या स्वेटरांत जरूर बघावं. तिथे शुद्ध लोकर जास्त सापडते आणि वीणही जाड असते. आपल्याकडच्या लहान चणीच्या बायकांना मुलग्यांच्या १४-१६ मापाची जॅकेटं छान बसतात, आणि मुलांचे कपडे मोठ्यांपेक्षा स्वस्त असतात. स्कार्फच्या टोपलीत हात घालाच. खऱ्या रेशमी स्कार्फची चांगली खूण म्हणजे कडा. हाताने वळलेली कड गोलसर, फुगीर असते आणि टाके किंचित असमान. मशीनची कड चपटी, एका रेषेत. चादरींच्या रॅकवरही डोकवा. ओरेगनच्या पेंडलटन गिरणीची लोकरी ब्लँकेटं एरवी आवाक्याबाहेरची असतात, ती तिथे चादरीच्या भावात निघतात.

लेबल वाचायला शिका

हाताने कौल दिला की लेबल. मानेवरचं ब्रँडचं नाव सगळे वाचतात. तुम्ही आतल्या बाजूच्या शिवणीतलं, धुण्याच्या सूचनांचं छोटं लेबल शोधा.

तिथे कापडाची टक्केवारी असते. अमेरिकेत कपड्यांवर धाग्याचा प्रकार लिहिणं १९६० पासून बंधनकारक आहे, आणि धुण्याच्या सूचना १९७२ पासून. म्हणजे टक्केवारी आहे पण धुण्याची सूचना नाही, असा कपडा मिळाला तर तो त्या दरम्यानचा असू शकतो. लेबल टोचतं म्हणून कोणी कापून टाकलेलं असतं, हेही आहेच. अशा वेळी शिवणीत कापल्याची खूण दिसते.

त्याच लेबलवर आरएन ही दोन अक्षरं आणि पुढे एक आकडा असतो. हा फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला दिलेला नोंदणी क्रमांक. त्यांच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो आणि अनोळखी नावामागे कोण आहे ते कळतं. १९५९ पूर्वी लोकरी मालासाठी डब्ल्यूपीएल अशी अक्षरं असत. ती दिसली तर कपड्याचं वय ठरवताना जरा जपून, कारण कंपन्यांनी जुने क्रमांक पुढेही वापरले. क्रमांक कंपनीचा असतो, कपड्याचा नव्हे.

वय ओळखायच्या आणखी सोप्या खुणा आहेत. आयएलजीडब्ल्यूयू ही बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांची संघटना. ती १९९५ मध्ये दुसऱ्या संघटनेत विलीन झाली. तिचं लेबल शिवणीत सापडलं म्हणजे कपडा त्याआधीचा, आणि अमेरिकेत शिवलेला. ‘पश्चिम जर्मनी’त बनलेला कोट १९९० नंतरचा असू शकत नाही. ‘ब्रिटिश हाँगकाँग’ लिहिलेला स्वेटर १९९७ नंतरचा नाही. लीवाईसच्या मागच्या खिशावरच्या लाल पट्टीत नावातलं ई हे अक्षर मोठ्या लिपीत असेल, तर साधारणपणे ती जीन्स १९७१ किंवा त्याआधीची. पण याच खुणेची नवी जीन्स कंपनीने पुढे मुद्दाम काढली आहे, म्हणून आतलं लेबलही बघायचं.

जुनं म्हणजे चांगलं असं मात्र नाही. सत्तरच्या दशकात पॉलिएस्टरचा नुसता धुमाकूळ होता. त्या काळातला सूट अजून जसाच्या तसा असतो आणि घालवत नाही.

ब्रँडच्या बाबतीत एक सापळा सांगते. मोठ्या कंपन्या आउटलेट दुकानांसाठी वेगळा, हलका माल बनवतात, त्यावर नाव तेच असतं. ब्रूक्स ब्रदर्सच्या लेबलवर ३४६ हा आकडा असेल तर तो बहुधा त्यांचा स्वस्तातला माल. जे क्रूच्या फॅक्टरी दुकानातल्या मालावर नावाखाली दोन छोटे ठिपके असायचे. वाईट नाही, पण त्याला मूळ मालाची किंमत देऊ नका.

आता माझ्या मते सगळ्यात मोठं घबाड: हॅरिस ट्वीड. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज नावाची बेटं आहेत. तिथल्या विणकरांनी आपल्या घरी विणलेल्या लोकरी कापडालाच हे नाव लावता येतं, आणि त्यासाठी ब्रिटनच्या संसदेने १९९३ मध्ये खास कायदा केला. खूण म्हणजे आतल्या खिशाजवळ शिवलेलं पृथ्वीगोल आणि वर क्रॉस अशा चित्राचं लेबल. जुन्या पिढीतल्या अमेरिकन प्राध्यापकांचा हा आवडता कोट. आता त्यांची कपाटं रिकामी होतायत आणि मुलांना ते नको असतात. पुरुषांच्या ब्लेझरच्या रॅकवर तो बाकीच्या पॉलिएस्टर ब्लेझरांच्या भावात लटकलेला असतो. नवा घ्यायला गेलात तर काही शे डॉलर मोजावे लागतील.

दोष: कोणते चालतील, कोणते नाहीत

कपडा आवडला की आपण दोष बघायला विसरतो. म्हणून क्रम ठरवून घ्या: काखा, कॉलर, कफ, कोपर, आसन, चेन, अस्तर.

काखेतलं कापड कडक झालं असेल तर ठेवून द्या, तो डाग जात नाही. पँटचं आसन उजेडाकडे धरा. विरळ दिसलं तर दोन महिन्यांत फाटणार. चेन पूर्ण खाली-वर करून बघा, नुसती अर्धी नको. चेन बदलायचा खर्च बरेचदा जॅकेटपेक्षा जास्त येतो. एखादं बटण नसेल तर आत शिवणीला जादा बटण लावलेलं असतं का बघा. अस्तर उसवलं असेल तर हरकत नाही, हाताने टाके घालता येतात. अस्तर काखेत फाटलं असेल तर जरा विचार करा. लोकरीवर आलेले गोळे हा दोषच नव्हे, दहा-पंधरा डॉलरच्या छोट्या मशीनने ते निघतात. एखादं भोक असेल तर रफू होतं. चार असतील तर कसर अजून जिवंत असण्याची शक्यता आहे, तो कपडा घरातल्या बाकीच्या लोकरीत आणू नका.

वास. डांबराच्या गोळ्यांचा वास उन्हावाऱ्यात काही आठवड्यांनी जातो. सिगरेटचा उशिरा आणि अर्धवट. बुरशीचा वास आला तर तिथेच सोडा, कितीही सुंदर असला तरी.

नकली कातड्याला हात लावू नका. पाच वर्षांनी त्याचे पापुद्रे सुटायला लागतात, आणि थ्रिफ्टमध्ये येईपर्यंत बरेचदा ती पाच वर्षं झालेली असतात. खरं कातडं कोरडं पडलं असेल तर क्रीम लावून सुधारतं. चिरा पडल्या असतील तर नाही. डोंगर चढायचे जुने बूट मजबूत दिसतात, पण त्यांचे पॉलियुरेथेनचे तळवे हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतात आणि पहिल्याच चालण्यात भुगा होतात. बूट हातात वाकवून बघा, कडेला अंगठ्याने दाबा.

पिसांच्या जॅकेटात पिसं सारखी पसरलेली हवीत. एका कप्प्यात गुठळी आणि शेजारचा कप्पा रिकामा असेल तर ते चुकीचं धुतलं गेलंय. लेबलवर ५५०, ६५० किंवा ८०० असा आकडा असतो. तो जितका मोठा, तितकं हलक्या वजनात जास्त ऊब. मिनेसोटात राहणाऱ्याने आकड्याबरोबर लांबीही बघावी. कमरेपर्यंतचं जॅकेट तिथे जानेवारीत पुरत नाही.

लहान मुलांच्या जुन्या जॅकेटांना टोपीपाशी नाडी असेल तर घेऊ नका, किंवा नाडी काढून टाका. घसरगुंडीत, गाडीच्या दारात अडकून अपघात झाल्यावर १९९६ मध्ये इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने त्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याआधीचे कपडे अजूनही फिरत असतात. आतले कपडे आणि हेल्मेट नवेच घ्या, त्यावर चर्चा नको.

माप

लेबलवरच्या मापावर विश्वास ठेवू नका. बायकांच्या कपड्यांची मापं अमेरिकेत गेल्या काही दशकांत सैल होत गेली आहेत. ऐंशीच्या दशकातला १२ नंबर आजच्या ८ ला बसतो, कधी त्याहूनही लहान. म्हणून टेप. घरी आपला सगळ्यात नीट बसणारा शर्ट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं माप आणि खांद्याच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचं माप फोनमध्ये लिहून ठेवा. पँटसाठी कंबर आणि आतली लांबी. ट्रायल रूम नसेल तरी या चार आकड्यांवर काम भागतं.

खांदा बसला पाहिजे, हा नियम मोडू नका. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, पँटची लांबी तर कोणीही कमी करतं. खांदा बदलायचा म्हणजे कोट उसवून पुन्हा शिवायचा. सैल करायचं असेल तर आत बघा, शिवणीत माया किती ठेवली आहे. जुन्या कपड्यांत दोन्ही बाजूंना इंचभर माया सापडते. हल्लीच्या कपड्यांत कापड वाचवायला कडेलगत टीप मारलेली असते, तिथे काही करता येत नाही.

इथल्या शिंप्याची मजुरी कपड्याच्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट सहज होते. घाई नसेल तर मंडळी असे कपडे बाजूला ठेवतात आणि सुट्टीत घरी जाताना बॅगेत घालून नेतात. पुण्या-मुंबईच्या गल्लीतला टेलर ब्लेझरची बाही दोन दिवसांत कमी करून देतो. जाड लोकर मात्र तो रोज शिवत नाही, म्हणून कोट देताना अस्तराची टीप कुठे संपते ते दाखवून द्या.

गल्ल्यावर

इथे घासाघीस चालत नाही. किंमत चिठ्ठीवरची. एखादा दोष दिसला तर नम्रपणे विचारायला हरकत नाही, पण ‘नाही’ म्हटलं की विषय संपला. चर्चच्या दुकानात आजी स्वतःहून कमी करतात कधी कधी.

चिठ्ठीचा रंग बघा. बऱ्याच दुकानांत दर आठवड्याला नव्या मालाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी लागते, आणि जुन्या रंगाचा माल त्या आठवड्यात अर्ध्या किमतीत जातो. कोणता रंग ते दारात किंवा गल्ल्यावर लिहिलेलं असतं. विद्यार्थ्यांना ठरावीक वारी सवलत असेल तर ओळखपत्र जवळ ठेवा. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि मिनेसोटात रोजच्या कपड्यांवर विक्रीकर नाही, इतर बऱ्याच राज्यांत किमतीवर तो वाढतो. परत करण्याचे नियम दुकानागणिक वेगळे आहेत. पैसे बहुधा मिळत नाहीत, मिळालं तर दुकानातच वापरायचं क्रेडिट.

सहा महिने सराव झाल्यावर गुडविलच्या आउटलेटला जाऊन या. लोक त्याला ‘बिन्स’ म्हणतात. रॅकवर न विकला गेलेला माल मोठ्या निळ्या पेट्यांत ओततात आणि वजनावर विकतात. हातमोजे घालून जा. पेट्यांची नवी रांग बाहेर येत असताना सगळे मागे उभे राहतात आणि कर्मचाऱ्याने खूण करेपर्यंत कोणी हात लावत नाही. हा नियम मोडलात तर तिथले नेहमीचे लोक तुम्हाला विसरणार नाहीत. तिथेही जे उरतं त्याच्या गाठी बांधून परदेशी पाठवतात, आणि त्यांतला बराच माल आपल्याकडे येतो. कच्छमधल्या कांडल्याला निवडला जातो, आणि चिरलेले लोकरी कपडे पानिपतला जाऊन त्यांचा पुन्हा धागा होतो, ब्लँकेटं होतात. बिन्समध्ये तुम्ही हातातून सोडून दिलेला स्वेटर असा हरियाणात निघू शकतो.

घरी आणल्यावर

पिशवी पलंगावर ठेवू नका. थेट धुण्याच्या मशीनपाशी न्या. खिसे तपासा, रुमाल आणि जुन्या पावत्या निघतात, क्वचित नोटही. ढेकणांची भीती असेल तर सुती आणि सिंथेटिक कपडे धुण्याआधीच अर्धा तास ड्रायरच्या सगळ्यात गरम सेटिंगवर फिरवा, उष्णतेने ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. लोकर आणि रेशीम तसं चालत नाही. ते सीलबंद पिशवीत घालून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, तापमान शून्य फॅरेनहाइटला असलं पाहिजे. कसरीवरही हाच उपाय चालतो.

मग धुणं. लोकरी स्वेटर बादलीत, कोमट पाणी, लोकरीचा साबण, पिळायचा नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं आणि सपाट पसरून वाळवायचं. पिसांचं जॅकेट मोठ्या, समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये. ड्रायर मंद आचेवर आणि आत दोन स्वच्छ टेनिसचे चेंडू, म्हणजे पिसं सुटी होतात. वाळायला दोन-तीन तास लागतात. आत ओल राहिली तर वास येतो. अस्तराचा कोट ड्रायक्लीनला. तो खर्च कोट घेतानाच हिशेबात धरा.

लेबल नसलेला कपडा नक्की कशाचा आहे हे बघायचं असेल तर आतल्या मायेतला एक धागा काढा आणि सिंकवर चिमट्यात धरून जाळा. लोकर आणि रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. सुताला कागद जळाल्याचा वास. पॉलिएस्टर वितळून काळा कडक मणी होतो.

आणि धुतलेला लोकरी स्वेटर हँगरला लावू नका, खांद्यांना टोकं येतात. घडी घालून ठेवा. कोटाला मात्र रुंद खांद्याचा लाकडी हँगर हवा. तोही त्याच दुकानात, शेवटच्या रांगेत, डॉलर-दोन डॉलरला मिळतो.